धुऱ्यावरची पेटी आणि ओसरीतली पेटी

दोन्ही पेट्या एकाच मोहोळाच्या. एक आमच्या ओसरीत, दुसरी चुलतभावाच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. एप्रिलमध्ये धुऱ्यावरच्या पेटीने ओसरीतल्या पेटीच्या अडीचपट मध दिला तेव्हा सगळे म्हणे, पाहा, माशीची जागा वावरात, घरात ठेवून काय करता तिला. सप्टेंबरात धुऱ्यावरची पेटी आठवडाभरात रिकामी झाली. ओसरीतली आजही चालू आहे. पहिल्या वर्षी काय काय झालं ते वहीत तारखेवार टिपलं होतं, आता एकदा सगळं सरळ लिहून काढतो, कारण सातपुडी मधमाशी पाळायची म्हणणारे चार-पाच जण नेहमीच विचारत असतात आणि दरवेळी तेच सांगून तोंड दुखते.

आधी जागा सांगतो. गाव आर्वी तालुक्यातलं, वर्धा जिल्हा, चहूकडून पऱ्हाटी (कापूस), तूर, सोयाबीन, मधून मधून चण्याचं आणि थोडं संत्र्याचं. माझं चार एकर मक्त्याने दिलेलं आहे, गावात झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणजे दिवसभर घराजवळच असतो आणि संध्याकाळी पेटीसमोर खाटलं टाकून बसायला वेळ मिळतो. हे महत्त्वाचं आहे, कारण पेटीबद्दल जे काही समजलं ते उघडून कमी आणि नुसतं दारासमोर बसून जास्त समजलं.

माशी म्हणजे सातपुडी, पुस्तकात सातेरी लिहितात तीच. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात राहते आणि एकाला एक लागून सहा-सात-आठ पोळी बांधते, म्हणून सातपुडी. आग्या पेटीत राहत नाही, तो उघड्यावर एकच मोठं पोळं लावतो, काडीला लागणारी बारकी फुलोरी पण पेटीत टिकत नाही. उरली ही देशी आणि दुसरी परदेशातून आणलेली मेलिफेरा. मेलिफेरा मध कितीतरी जास्त देते पण तिचे मालक फुलोऱ्यामागे ट्रकमध्ये पेट्या घालून फिरतात, आपल्याला ते जमण्यासारखं नाही. सातपुडीचा मध कमी, पण ती इथलीच आहे, इथल्या झाडांची तिला सवय आहे. एकच वाईट खोड, मन लागलं नाही की अख्खं बिऱ्हाड घेऊन निघून जाते.

मोहोळ मिळालं कसं

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. आमच्या मागच्या गल्लीत मोठ्या मायचं घरकुल मंजूर झालं, जुनं मातीचं घर पाडायला घेतलं. मागच्या भिंतीत एक देवळी होती, कधीतरी समोरून विटा लावून बुजवलेली, आणि त्या विटांच्या फटीतून माशा ये-जा करायच्या. घरच्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं, कोणी छेडत नव्हतं, त्याही कोणाला छेडत नव्हत्या. मिस्त्रीला मात्र माहीत नव्हतं. पहिली वीट हलली तशा दोन चावल्या, आणि मी पोचलो तेव्हा तो काठीला फडकी गुंडाळून त्यावर घासलेट ओतून रायला होता.

म्हटलं थांब बापा, एक दिवस दे. मोठी माय म्हणाली, "ने बापू, पण आजच ने. उद्या हा मिस्त्री दुसऱ्या गावाले गेला तं मले दिवाळीपर्यंत सापडत नाही." दिवाळी आत्ताच झाली होती हे कोणी तिला सांगितलं नाही.

शेजारच्या गावात एक काकाजी आहेत, सत्तरी गाठलेले, तरुणपणी खादीच्या ट्रेनिंगमध्ये माशी शिकलेले. वर्ध्याच्या बाजूला हे जुनं आहे. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत बसून त्याचं काम पाहायचे, आणि घाणी, हातकागद यांच्यासोबत मधमाशा पाळणं पण तिथे होतं. पुढे दत्तपूरच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने आग्याचा मध माशा न जाळता कसा काढायचा याचं काम केलं. म्हणजे आमच्या जिल्ह्यात ही विद्या काही नवी नाही, फक्त गावात आता एखादाच उरलेला असतो ज्याला ती हाताने येते. काकाजींना फोन केला तर ते जेवणाच्या ताटावरून उठून आले.

काम असं झालं. उन्हं उतरताना विटा काढल्या, आत सात पोळी उभी, मधलं सगळ्यात मोठं, माझ्या हातभर. काकाजींनी गोवरीचा थोडा धूर दिला, जास्त नाही. एकेक पोळं चाकूने वरून कापायचं, मधाचा वरचा भाग वेगळा पातेल्यात, खालचा पिलांचा भाग पेटीच्या लाकडी चौकटीत बसवून सुती दोऱ्याने बांधायचा. दोरा नंतर माशा स्वतःच कुरतडून बाहेर टाकतात, आठ दिवसांनी पेटीच्या दारात दोऱ्याचे तुकडे पडलेले दिसले तेव्हा मला लहान पोरासारखा आनंद झाला होता. राणी पाचव्या पोळ्यावर सापडली, बाकीच्यांपेक्षा लांब, पोट काळसर, आणि बाकी सगळ्या धावत असताना ती पण धावत होती, फोटोत दाखवतात तशी मध्ये बसून राहत नाही. तिला जाळीच्या डबीत घालून पेटीत ठेवली, आणि अर्ध्या तासात बाकीच्या माशा रांगेने आत. मला तीन चावल्या, काकाजींना एकही नाही.

पेटी तीन दिवस तिथेच, त्याच तोंडाने ठेवली, मिस्त्रीने पुढची भिंत आधी पाडली, तेवढं त्याने ऐकलं. चौथ्या रात्री जाळी लावून ओसरीत आणली. घर तिथून बऱ्यापैकी जवळ, त्यामुळे काही शे माशा सकाळी परत जुन्या जागी गेल्या आणि मातीच्या ढिगावर फिरत बसल्या. ती माझी पहिली चूक. आधी दोन किलोमीटर लांब दहा-बारा दिवस ठेवून मग आणायला पाहिजे होती.

वाढ आणि वाटणी

नोव्हेंबर-डिसेंबरात तूर फुलावर असते, त्यामुळे घर बदलल्याचा त्रास त्यांनी लवकर भरून काढला. मी पहिले पंधरा दिवस संध्याकाळी साखरपाणी दिलं, नारळाच्या करवंटीत, वर काड्या टाकून, नाही तर बुडून मरतात. दिवसा द्यायचं नाही, मुंगळे आणि दुसऱ्या मोहोळाच्या माशा लुटायला येतात.

जानेवारीत कांद्याचं बी आणि धने, मग संत्र्याचा आंबिया बहार. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पेटी उघडली तर आठही चौकटी भरलेल्या आणि कडेच्या पोळ्याच्या खाली नरांची घरं. सातपुडीच्या नराच्या घराचं झाकण एकदा जवळून पाहा, टोपीसारखं फुगलेलं आणि बरोबर मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक. कामकरी माशीच्या झाकणाला ते नसते. हे दिसलं म्हणजे समजायचं की आता ह्या फुटणार, जुनी राणी अर्ध्या माशा घेऊन उडणार. नऊ-दहा दिवसांनी पोळ्याच्या कडेला शेंगदाण्याच्या शेंगेसारखी लटकणारी राणीची घरं पण दिसली.

काकाजी म्हणाले, उडायच्या आधी आपणच वाटून टाकू. जुनी राणी, चार चौकटी आणि त्यावरच्या माशा नव्या पेटीत घालून रात्रीच मोटरसायकलवर मांडीत धरून चुलतभावाच्या वावरात नेली, गावापासून दोन किलोमीटर, नाल्याच्या काठचा धुरा. नाल्यावर करंज, जांभूळ, मोहाची तीन झाडं, वर एक जुना निंब. जागा पाहून मलाच हेवा वाटला. ओसरीत राहिली जुनी पेटी, चार चौकटी आणि राणीची दोन चांगली घरं.

दुसरी पेटी गावच्या सुतारदादाने पहिलीवरून माप घेऊन केली. सागाची, देखणी, पण झाकण आणि चौकटीच्या मध्ये त्याने बोटभर जागा सोडली, म्हणे हवा पाहिजे ना. सातपुडीला चालायला आठ-नऊ मिलिमीटर जागा लागते, तेवढी त्या मोकळी ठेवतात, जास्त ठेवली की तिथे पोळं बांधतात. पंधरा दिवसांत झाकणालाच पोळं चिकटलं, झाकण उचललं की मध, अंडी, माशा सगळं एकत्र खाली. झाकण परत रंधा मारून बसवावं लागलं.

ओसरीतली नवी राणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघाली, महिना अर्ध्यावर आला तेव्हा अंडी दिसली. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला अठरा-वीस दिवस, म्हणजे ओसरीच्या पेटीत नवीन माशी एप्रिलमध्ये आली, तोपर्यंत निंब आणि करंज अर्धे संपले. धुऱ्यावर जुनी राणी एक दिवसही थांबली नव्हती. एप्रिलचा फरक पडला तो मुख्यतः यामुळे, जागेमुळे थोडाच. पण मोजताना हे कोणी धरत नाही, मी पण नाही धरलं.

मध

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मध काढला. धुऱ्यावरून तीन किलो शंभर ग्रॅम, ओसरीतून एक किलो दोनशे. काकाजींकडचं हाताने फिरवायचं मधयंत्र, दोन चौकटींचं. मेणाचं झाकण चाकूने उतरवायचं, चौकट यंत्रात उभी करायची, फिरवायचं, मध भिंतीला उडतो, पोळं साबूत परत पेटीत जाते. भिंतीतून काढलेलं पोळं पिळून मिळतो त्या मधात परागकण, मेण, कधी कधी पिलांचा रस पण येतो, हा स्वच्छ असतो. रंग गडद, चवीला जांभळाचा किंचित तुरटपणा, बाजारच्या बाटलीची सवय असलेल्यांनी नाक मुरडलं, म्हाताऱ्यांनी मागून नेला.

इथे दुसरी चूक. धुऱ्यावरच्या दोन चौकटी अर्ध्याच झाकलेल्या होत्या. झाकण नसलेला मध म्हणजे अजून पाणी आटवणं चालू आहे, त्या पंखांनी वारा घालून आटवतात आणि तयार झाला की मग मेण लावतात. काकाजी म्हणाले राहू दे चार दिवस. मला घाई, कारण बहीण नागपूरहून आली होती आणि तिला न्यायचा होता. काढला. एका ओळखीच्या मास्तरांकडे रिफ्रॅक्टोमीटर होता, मधातलं पाणी मोजायचा, त्यावर बावीस टक्के पाणी निघालं. वीसच्या आत पाहिजे, मानक पण तेच आहे, आणि सातपुडीचा मध तसाही मेलिफेरापेक्षा पातळ असतो. जूनमध्ये बहिणीचा फोन, बाटलीचं झाकण उडालं, फेस आला, फ्रिजवर सगळं चिकट. भाचा म्हणाला, "मामा, तुझा मध तं दारू झाला." चुकीचं नव्हता बोलत.

त्याच भाच्याने आता नागपुरात गच्चीवर एक पेटी ठेवली आहे, आणि त्याचा अनुभव मला विचारात पाडणारा आहे. त्याच्या भागात रस्त्याला निंब, करंज, गुलमोहर, पेल्टोफोरम, प्रत्येक अंगणात काही ना काही, आणि नर्सरीची फुलं बारा महिने. त्याला पावसाळ्यात साखर माझ्यापेक्षा निम्मी लागली. तो म्हणते, "मामा, इथं कोण फवारते?" मला वाटायचं माशीला शहरात काय खायला मिळणार. आता वाटते की एका पिकाच्या हजार एकरापेक्षा शंभर अंगणं बरी.

उन्हाळा आणि पाऊस

मे महिना लवकर आटपतो कारण दोन्ही पेट्यांचं जवळपास सारखंच झालं. पारा पंचेचाळीसवर, पेटीत पिलांना तेहेतीस ते छत्तीसच्या मध्ये पाहिजे, म्हणजे बाहेरपेक्षा आत थंड ठेवायचं. दारात माशांची रांग उलटी उभी राहून पंख हलवते, बाकीच्या पाणी आणतात. दोन्ही पेट्यांवर ओला बारदाना, बाजूला मातीच्या परळात पाणी आणि त्यात खडे. ओसरीची मातीची जाड भिंत, उत्तरेकडे तोंड, तिथे त्रास कमी. धुऱ्यावर दिवसातून दोनदा बारदाना भिजवायला चुलतभावाची पोट्टी जायची, पन्नास रुपये आठवडा ठरवून. एकदा तीन दिवस लग्नाला गेली तर एक पोळं गरमीने खाली कोसळलं.

जून ते ऑगस्ट उपासमार. पुस्तकवाले पावसाळ्यात जंगलात फुलं असतात म्हणतात, असतील मेळघाटात, आमच्याकडे जुलैत सोयाबीनच सोयाबीन. आठवड्याला एका पेटीला अर्धा किलो साखर, दहा आठवडे, दोन पेट्या, दहा किलो साखर. पेटीच्या चारही पायाखाली पाण्याच्या वाट्या, नाही तर मुंग्या. ओसरीच्या पेटीत मेणकिडा लागला, रिकाम्या पोळ्यात जाळ्या आणि पांढऱ्या अळ्या, दोन पोळी काढून जाळली. धुऱ्यावर तेही नाही झालं. ऑगस्टच्या शेवटी पण तीच पेटी तगडी होती, सात चौकटी भरून, ओसरीत पाच.

पोळ्यानंतर

आमच्याकडे पऱ्हाटीच्या फवारणीचं एक गणित बैलपोळ्याच्या अमावस्येवर बसते. अमावस्येच्या अंधारात पतंग अंडी घालतात, मग अळी निघते, म्हणून अमावस्येच्या मागेपुढे फवारा मारायचा. त्यात त्या वर्षी आठ दिवस पावसाची झड होती आणि तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. उघडीप मिळाली की अख्ख्या शिवारात एकाच सकाळी पंप चालू होतात.

त्या दिवशी मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी चुलतभावाचा फोन, "दादा, पेटीसमोर माशा वाळत घातल्यासारख्या पडल्या आहेत, येऊन पाय."

गेलो. पेटीच्या दारासमोर हातभर जागेत जमीन दिसत नव्हती. काही मेलेल्या, काही गोल गोल फिरत, उलट्या पडून पाय झाडत, आणि बहुतेकांची सोंड बाहेर लोंबलेली, पंख फाकलेले. आतल्या धडधाकट माशा मेलेल्या ओढून बाहेर टाकत होत्या आणि टाकता टाकता त्यातल्याही काही लटपटत होत्या.

नेमकं कशाने झालं ते ठरवायला दोन दिवस घेतले, कारण पहिल्याच मिनिटाला फवारा म्हणून कोणाशी भांडायला जाणं सोपं असते. उपासमार म्हणावी तर भुकेने मेलेल्या माशा पोळ्याच्या घरात डोकं खुपसून मेलेल्या सापडतात आणि पेटीत मध नसतो, इथे कडेच्या दोन चौकटीत मध होता. उष्णता म्हणावी तर सप्टेंबर, कालपर्यंत झड. मेणकिडा नाही. सॅकब्रूड हा सातपुडीचा मोठा रोग, १९९१-९२ कडे केरळ, कर्नाटक, तामिळनाडूत त्याने वसाहतीच्या वसाहती साफ केल्या होत्या, पण त्यात अळी मरते, घरातच पाण्याच्या पिशवीसारखी होते, मोठी माशी अशी दारात तडफडत नाही. इथे अळ्या पहिल्या दिवशी ठणठणीत होत्या. आणि मेलेल्यांत जवळपास सगळ्या बाहेर जाणाऱ्या जुन्या माशा, पंखांची टोकं झिजलेल्या. म्हणजे जे काही झालं ते बाहेर झालं.

राहिला प्रश्न की माशा पऱ्हाटीवर गेल्याच कशाला, सकाळी आठला फुलं धड उमलत पण नाहीत. याचं उत्तर मला काकाजींनी पान उलटून दाखवलं. पऱ्हाटीच्या पानामागे मधल्या शिरेवर एक बारीक खळगा असतो, त्यात गोड रस येतो, बोंडाच्या बाहेरच्या पाकळीलाही असतो. फूल असो नसो, तो रस असतो. म्हणजे फुलं नसताना फवारलं तरी माशीचं ताट फवारलंच. आठ दिवस पावसाने घरात कोंडलेल्या माशा पहिल्या उन्हाला बाहेर निघाल्या आणि त्याच पहिल्या उन्हाला पंप निघाले. सरळ हिशेब आहे.

शेजारच्या वावरवाल्या भाऊला भेटलो. मनात राग होता, खोटं कशाला बोलू. तो म्हणाला, "मले काय माहीत तुमची पेटी आहे म्हणून? सांगतलं होतं का कोणी?" नव्हतं सांगितलं. काय मारलं विचारलं तर तीन बाटल्या दाखवल्या, दुकानदाराने सांगितलं म्हणून तिन्ही एकाच टाकीत. एक तुडतुड्याची, एक अळीची, एक "टॉनिक". संध्याकाळी का नाही मारत विचारलं तर म्हणे, मजूर सकाळी सातला येते, दुपारी एकला सुटते, संध्याकाळी कोण येते, आणि पंपाचं भाडं अर्ध्या दिवसाचं. तोंडाला त्याच्या साधा रुमाल होता. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारता फवारता शेतकरी-मजूर मेले, त्यानंतर मास्क-हातमोजे वाटले गेले, चार महिने सगळे घालत होते. जो स्वतःच्या जिवासाठी रुमालावर भागवतो त्याला माझ्या माशीसाठी थांब म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

पुढचे दिवस वहीतून उतरवतो. तिसऱ्या दिवशी मरण कमी. चौथ्या दिवशी पेटी उघडली, पिलं झाकायला माशाच नाहीत, कडेच्या अळ्या थंडीने काळ्या पडत चाललेल्या. राणी होती, फिरत होती, अंडी नाही. साखरपाणी ठेवलं, हात लावला नाही. सातव्या दिवशी सकाळी मूठभर माशा दारात लोंबत होत्या. दुपारी तीनला चुलतभावाने पाहिलं तेव्हा पेटी रिकामी, राणीसकट गेल्या. मूठभर माशा घेऊन राणी कुठे जाणार, पण गेल्या.

ओसरीतली का वाचली

ओसरीच्या पेटीतही मेल्या. त्याच दोन दिवसांत मी दारासमोर पांढरं फडकं अंथरून मोजल्या, पहिल्या दिवशी दोनशेच्या वर, दुसऱ्या दिवशी ऐंशी, मग रोजच्यासारख्या पाच-दहा. गावापासून पऱ्हाटी सातशे मीटरवर सुरू होते, सातपुडी तेवढं सहज जाते, म्हणजे अंतराने ती वाचली म्हणता येत नाही.

माझं मत असं की तिला जायची गरज कमी होती. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी गावभर फिरून पाहिलं की माशा बसतात कुठे. प्रत्येक अंगणात तुळस, तिच्या मंजिरीवर सकाळी आठलाच माशा. दोडका, भोपळा, काकडीचे वेल प्रत्येक कुपावर. मायबहिणींनी दिवाळीसाठी लावलेला झेंडू. कोठ्यामागे मक्याची पाच-दहा धाटं, त्यांच्या तुऱ्यावर पाय पिवळे करून घेणाऱ्या. शाळेच्या भिंतीवर गुलाबी फुलांचा वेल, त्यावर तर जत्रा. बोरीला फुलोरा सुरू होत होता. मुनग्याची (शेवग्याची) झाडं घरटी एक. आणि यातलं काहीच कोणी फवारत नाही, कारण ते घरी खायचं असते. धुऱ्यावर एप्रिलमध्ये करंज-जांभूळ होतं, सप्टेंबरात पऱ्हाटीशिवाय काही नव्हतं. म्हणजे माशीच्या हिशेबाने पाहिलं तर आमचं गावठाण हे एक छोटं शहरच आहे आणि वावर हे वाळवंट, फक्त वर्षातले दोन महिने सोडून.

आता एका पेटीवरून एवढं सांगणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, हे मला कळते. कदाचित त्या दिवशी वारा त्या बाजूचा असेल, कदाचित एकाच मोठ्या वावराने तिला मारलं असेल. चुलतभाऊ म्हणतो पेटी होती त्या वर्षी त्याच्या संत्र्याला फळ चांगलं धरलं. मी म्हणतो पाऊसपाणी पण चांगलं होतं, पेटी नसलेल्या बाजूच्या बागेत किती धरलं ते आपण मोजलं नाही. त्याला ते आवडत नाही.

पैशाचं पण सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच असतो. पहिली पेटी काकाजींकडून जुनी बाराशेला, दुसरी सुताराची अठराशे. साखर सुरुवातीची धरून बारा किलो. पोट्टीचे बारदान्याचे पैसे. मध सगळा मिळून चार किलो तीनशे, त्यातला दोन किलो सहाशेने विकला, एक किलो काकाजींना, बाकी घरी आणि एक बाटली बहिणीच्या फ्रिजवर. खादी मंडळाच्या मध केंद्र योजनेत पेट्यांना निम्मं अनुदान असते, ट्रेनिंग पण देतात, पोटापाण्यासाठी करायचं असेल तर त्या वाटेने आणि जास्त पेट्यांनी जा. एक-दोन पेट्यांवर घरच्या मधाच्या वर काही सुटत नाही, कोणी सुटते म्हणाला तर त्याला साखरेचा खर्च विचारा.

यंदा काय केलं

यंदा फेब्रुवारीत ओसरीच्या पेटीचीच परत वाटणी केली. एक पेटी तेवढी दोन महिने धुऱ्यावर, करंज-जांभळापुरती. मध पूर्ण झाकलेला पाहूनच काढला, आणि पेटी मेच्या पहिल्या आठवड्यात रात्री परत गावात, ढोरं चरून घरी आणतात तशी. आता ती मोठ्या मायच्या घरकुलाच्या मागे आहे. तिनेच मागितली, म्हणे माझ्याच भिंतीतली होती ती.

आणि शिवाराच्या त्या बाजूच्या सहा वावरवाल्यांना जाऊन भेटलो, जुलैतच. फवारा संध्याकाळी मारा असं म्हटलं नाही, ते होणार नाही. एवढंच म्हटलं की आदल्या रात्री फोन करा. फोन आला की अंधार पडल्यावर दोन्ही पेट्यांना दाराला जाळी लावतो, वर ओला बारदाना, आत पाणी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला उघडतो. पानावर औषध त्यानंतरही राहते, त्यामुळे हे काही कवच नाही, पण ओला फवारा अंगावर पडणं टळते. दोन दिवसांवर कोंडून ठेवायचं नाही, पेटीत गरमीने मरतात.

पाचजण फोन करतात. तोच भाऊ सगळ्यात नेमाने करते, रात्री नऊला, "उद्या मारतो जी, डब्बा लावून घ्या." सहावा एकदा विसरला, पोळ्यानंतरच्या मंगळवारी. संध्याकाळी फडक्यावर मोजल्या, एकशे बारा. दुसऱ्या दिवशी चाळीस. तिसऱ्या दिवशी सात.